लकव्यानंतरची उठबस

मेंदूकडे रक्त नेणारी एखादी वाहिनी अचानक तुंबली किंवा फुटली, की तिच्यावर जगणाऱ्या पेशी काही मिनिटांतच मरू लागतात. घाव मेंदूच्या डाव्या अर्ध्यात असेल तर उजवा हातपाय लुळा पडतो आणि बऱ्याचदा बोलणेही जाते. घाव उजव्या अर्ध्यात असेल तर डावी बाजू जाते आणि काही रुग्णांना त्या बाजूचे भानच उरत नाही. मुंबईत २००५-०६ मध्ये झालेल्या एका लोकसंख्याधारित नोंदणीत दर लाख लोकांमागे वर्षाला १४५ जणांना असा पहिला झटका आल्याचे दिसले. त्यांपैकी सुमारे ८० टक्के झटके वाहिनी तुंबल्यामुळे आलेले होते आणि १८ टक्क्यांच्या आसपास मेंदूत रक्तस्राव झाल्यामुळे. पहिल्या २८ दिवसांत जवळपास ३० टक्के रुग्ण दगावले. उरलेल्या सत्तर टक्क्यांचे पुढे काय होते, हा या व्याख्यानाचा विषय आहे.

लकवा हा शहरी, सुखवस्तू माणसाचा रोग असल्याचा समज विदर्भात तरी टिकत नाही. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेत मेंदूविकारतज्ज्ञ डॉ. योगेश कळकोंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गडचिरोलीतील ८६ गावांमधल्या सुमारे ९४ हजार लोकांतील मृत्यूंचा मागोवा घेतला. २०११ ते २०१३ या दोन वर्षांत तिथे १,५९९ मृत्यू झाले. त्यांतले २२९, म्हणजे १४.३ टक्के, लकव्यामुळे झालेले होते आणि मृत्यूच्या सर्व कारणांत त्याचा क्रमांक पहिला होता. मलेरिया आणि कुपोषणासाठी ओळखल्या जाणाऱ्या जिल्ह्यातली ही गोष्ट आहे. लकव्याने गेलेल्यांपैकी ८७ टक्के लोकांनी घरीच प्राण सोडला. त्याहून बोलका आकडा दुसराच आहे. पहिल्या महिन्यात झालेले मृत्यू ४६ टक्के होते, म्हणजे निम्म्याहून अधिक माणसे झटक्यातून वाचली होती आणि नंतर कधीतरी गेली. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला पाठीला जखमा होतात, अन्नपाणी श्वासनलिकेत जाऊन न्यूमोनिया होतो, लघवीत जंतुसंसर्ग होतो, दुसरा झटका येतो. यातले बरेचसे टाळता येण्याजोगे असते आणि ते टाळण्याची जागा बहुतांशी घर ही असते.

यवतमाळ जिल्ह्यातल्या मारेगाव तालुक्याची स्थिती गडचिरोलीसारखी हुबेहूब नाही. इथे कापूस-सोयाबीनची वावरे आहेत, शेजारी वणीच्या कोळसा खाणी आहेत, करंजी-वणी रस्ता आहे. पण कोलाम आदिवासींचे पोड, म्हणजे वस्त्या, आहेत, तंबाखू-सुपारीच्या खर्र्याची पुडी जवळपास प्रत्येक पानठेल्यावर आहे, आणि रक्तदाब वाढला आहे हे झटका येईपर्यंत माहीत नसलेली माणसे आहेत. गुठळी विरघळवणारे औषध झटक्यानंतर तीन तासांच्या आत दिले तर अपंगत्व कमी होते, हे १९९५ मध्ये अमेरिकेतील चाचणीत सिद्ध झाले. पुढे ही मुदत साडेचार तासांपर्यंत वाढली. मात्र औषध देण्यापूर्वी सीटी स्कॅन करून रक्तस्राव नाही याची खात्री करावीच लागते, आणि तीस खाटांच्या ग्रामीण रुग्णालयाच्या सरकारी साच्यात सीटी स्कॅनचे यंत्र बसत नाही. पोडावरून मारेगाव, तिथून वणी, मग यवतमाळ, चंद्रपूर, सेवाग्राम, सावंगी नाहीतर नागपूर असा हा प्रवास होतो. त्याआधी काही तास ‘वात आहे, उतरेल’ म्हणून वाट पाहण्यात, लकव्याचे औषध देणाऱ्याकडे नेण्यात, कुठे कबुतराचे रक्त चोळण्यात गेलेले असतात. तोंड वाकडे, एक हात खाली पडतो, बोलणे अडखळते, यांपैकी एक जरी दिसले तरी १०८ ला फोन करून थेट सीटी स्कॅन असलेल्या रुग्णालयाची वाट धरावी, हे सांगणे कधीच वाया जात नाही. पण खरे चित्र असे, की या भागातील बहुसंख्य रुग्णांच्या बाबतीत ती घटका हुकते. मग रुग्णाच्या भवितव्याचा मोठा हिस्सा पुढच्या तीन महिन्यांवर येऊन पडतो, आणि त्या तीन महिन्यांतले मुख्य औषध म्हणजे फिजिओथेरपी.

तीन महिनेच का, याला आधार आहे. मेलेली पेशी परत येत नाही. सुधारणा होते ती दोन वाटांनी. पहिल्या आठवड्यांत घावाभोवतीची सूज उतरते आणि मंदावलेला पण जिवंत भाग पुन्हा कामाला लागतो. ही वाट शरीराची स्वतःची आहे, आणि एखाद्या बाबाचे औषध लागू पडल्याची ख्याती बहुधा या आपोआप होणाऱ्या सुधारणेवरच उभी असते. दुसरी वाट शिकण्याची. शाबूत राहिलेले भाग सरावाने नवी जोडणी तयार करतात आणि हरवलेले काम थोडेफार आपल्याकडे घेतात. झटक्यानंतरच्या सुरुवातीच्या आठवड्यांत मेंदू अशा शिकण्याला विशेष राजी असतो. कोपनहेगनमध्ये १९९० च्या दशकात १,१९७ रुग्णांचा सलग पाठपुरावा झाला. त्यांतील ९५ टक्के रुग्णांची रोजच्या कामांतली सुधारणा साडेबारा आठवड्यांच्या आत आपल्या कमाल पातळीला पोचली होती. याचा अर्थ तेराव्या आठवड्यात दार बंद होते असा नाही. मात्र तेव्हाची एक पायरी नंतर चढायला कितीतरी जास्त सराव मागते. एसटीचे भाडे, बुडालेली मजुरी, ऐन वेचणीचा हंगाम अशा कारणांनी ‘दिवाळीनंतर बघू’ म्हणून पुढे ढकललेले उपचार म्हणूनच फार महाग पडतात.

मेंदू किती शिकू शकतो याचे एक प्रसिद्ध उदाहरण आहे. पेद्रो बाख-इ-रिता या प्राध्यापकांना १९५९ मध्ये झटका आला. वैद्यकशास्त्र शिकणारा त्यांचा मुलगा जॉर्ज याने त्यांना बाळासारखे आधी रांगायला लावले, जमिनीवर गोट्या वेचायला लावल्या, घरातली भांडी घासायला लावली. शेजाऱ्यांनी नावे ठेवली, पण पेद्रो पुन्हा शिकवू लागले. पुढे काही वर्षांनी डोंगरात फिरताना त्यांचा मृत्यू झाला आणि शवविच्छेदनात मेंदूतला मूळ घाव मोठा आणि तसाच असल्याचे दिसले. दुसरा मुलगा पॉल याने मग मेंदूच्या लवचीकतेच्या अभ्यासालाच आयुष्य दिले. एका माणसाच्या कथेवरून नियम बांधता येत नाही आणि प्रत्येक रुग्ण पेद्रो होत नाही. कोणाच्या हाताला किती आशा आहे हे बऱ्यापैकी लवकर ताडता येते. नेदरलँड्समधील १८८ रुग्णांच्या २०१० च्या अभ्यासात, पहिल्या तीन दिवसांत ज्यांना खांदा थोडा बाजूला उचलता आला आणि बोटे थोडी उघडता आली, त्यांच्या हातात सहा महिन्यांनी काही ना काही कौशल्य परतण्याची शक्यता ९८ टक्के निघाली. दोन्ही न जमणाऱ्यांत ती २५ टक्के होती. नातेवाइकांना खोटा धीर देण्यापेक्षा हा साधा तपास करून पुढचे बेत आखणे अधिक दयाळूपणाचे आहे.

पहिल्या दिवसांतले काम दिसायला क्षुल्लक असते. दर दोन तासांनी कूस बदलणे, लुळ्या हाताखाली उशी देणे, पाऊल खाली लोंबणार नाही अशी बैठक देणे. पाणी पाजण्याआधी गिळता येते का हे तपासणे सर्वांत महत्त्वाचे; आडव्या माणसाच्या तोंडात प्रेमाने घातलेला चहाचा घोट फुफ्फुसात जाऊ शकतो. ताठ बसवावे, आधी चमचाभर पाणी द्यावे, ठसका लागला किंवा आवाज ओलसर, घोगरा झाला तर थांबून डॉक्टरांना सांगावे. या भागात घरोघरी वापरली जाणारी दोरीची किंवा पट्टीची बाज रुग्णासाठी अडचणीची ठरते. ती मधोमध खोलगट होते, त्यात कुशीवर वळताही येत नाही आणि कडेला येऊन बसताही येत नाही. लाकडी तखत आणि त्यावर पातळ गादी, एवढ्या बदलाने रुग्ण स्वतःहून वळायला शिकतो. लुळा हात ओढून रुग्णाला उठवणे ही दुसरी सर्रास चूक आहे. खांद्याभोवतीचे स्नायू ढिले पडलेले असतात, सांधा उखळीतून खाली सरकलेला असतो; त्याला हिसका बसला की खांदा महिनोन्महिने दुखतो आणि दुखणारा हात व्यायामच करू देत नाही. उठवताना कंबरेला किंवा खांद्याच्या मागच्या हाडाला धरावे.

लवकर उठवणे चांगले, मग फार लवकर आणि फार जास्त उठवणे आणखी चांगले, असा तर्क फिजिओथेरपीतही बराच काळ चालला. ‘अव्हर्ट’ या चाचणीने २०१५ मध्ये त्याला आळा घातला. पाच देशांतील ५६ रुग्णालयांत २,१०४ रुग्णांवर झालेल्या या चाचणीत २४ तासांच्या आत, वरचेवर आणि अधिक वेळ उठवलेल्यांपैकी ४६ टक्के तीन महिन्यांनी चांगल्या अवस्थेत होते. नेहमीच्या बेताने उठवलेल्यांपैकी ५० टक्के. पहिल्या दिवशी घाई नको, त्यानंतर आळस नको, असा त्याचा व्यवहारी अर्थ निघतो.

फिजिओथेरपी म्हणजे मालीश, ही समजूत मारेगावातच नव्हे तर पुण्या-मुंबईतही भेटते. तेलाने चोळल्याने त्वचा मऊ राहते, रुग्णाला बरे वाटते, कोणीतरी जवळ बसते. हे सगळे ठीक आहे. पण मेंदूला त्यातून शिकायला काही मिळत नाही, कारण हालचाल दुसरा करतो आहे. विजेचे झटके देणाऱ्या यंत्रावर वीस मिनिटे हात ठेवून घरी पाठवणाऱ्या दवाखान्यांबद्दलही हेच म्हणता येईल. रुग्णाच्या स्वतःच्या प्रयत्नाला जोड म्हणून यंत्राला काही ठिकाणी जागा आहे. प्रयत्नाऐवजी वापरले तर तो केवळ खर्च. विसाव्या शतकात या शास्त्रात बरेच पंथ झाले. लंडनमध्ये बर्टा बोबाथ यांनी १९४३ पासून एका चित्रकाराच्या लकव्यावर काम करता करता आपली पद्धत घडवली. स्वीडनमध्ये जन्मलेल्या सिग्ने ब्रुन्स्ट्रॉम यांनी सुधारणेच्या पायऱ्या मांडल्या. बोबाथचे की ब्रुन्स्ट्रॉमचे यावर अनेक पिढ्यांनी वाद घातला. २०१४ च्या कॉक्रेन आढाव्यात ९६ अभ्यासांमधील १०,४०१ रुग्ण तपासले गेले. कोणताही एक पंथ दुसऱ्यापेक्षा सरस आढळला नाही. फिजिओथेरपी केल्याने फायदा होतो आणि तिची मात्रा, म्हणजे आठवड्यातले पाच ते सात दिवस रोज अर्धा ते एक तास, महत्त्वाची असते, असे मात्र दिसले.

मात्रेचा प्रश्न प्रगत देशांतही सुटलेला नाही. अमेरिका आणि कॅनडातील केंद्रांत ३१२ सत्रे प्रत्यक्ष मोजून २००९ मध्ये असे आढळले, की हाताच्या कामाचा सराव झालेल्या सत्रात ती हालचाल सरासरी अवघी ३२ वेळा होते आणि चालण्याच्या सरावात पावले ३५७ पडतात. प्राण्यांच्या मेंदूत बदल दिसण्यासाठी एका दिवसात शेकडो वेळा हालचाल करून घेतलेली असते. रांगोळीचे ठिपके असोत की तबल्याचे बोल, तीस वेळा केल्याने काही हातात बसत नाही, हे कोणालाही पटेल. लकवा झालेल्या हाताकडून मात्र तशी अपेक्षा केली जाते. आठवड्यातून एकदा वणीला जाऊन घेतलेले सत्र हे उपचार नसून पुढच्या आठवड्याचा धडा घेण्याची वेळ आहे, असे मानले तरच त्याचा उपयोग.

हाताबाबत एक सापळा सांगितला पाहिजे. सुरुवातीचा ढिला हात काही आठवड्यांत ताठरू लागतो, कोपर दुमडते, मूठ वळते. घरच्यांना ती ताकद परतल्याची खूण वाटते आणि रबरी चेंडू आणून दाबायला दिला जातो. मूठ मिटणे हे बहुतेकांना आधीच जास्त येत असते. जमत नाही ते उघडणे. सराव उघडण्याचा, वस्तू सोडण्याचा, मनगट वर उचलण्याचा हवा. इथे शेतकरी घरात उपकरणे विकत आणावी लागत नाहीत. ताटात तूर आणि हरभरा मिसळून निवडणे, वाळलेल्या बोंडातून कापूस ओढून काढणे, तांब्या उचलून दुसऱ्या जागी ठेवणे, दोन्ही हातांनी टॉवेल पिळणे. कापूस वेचणाऱ्या बाईची चिमूट ही तर इतकी मुरलेली हालचाल असते, की अनोळखी व्यायामापेक्षा ती आधी जागी होण्याचा संभव जास्त. चांगल्या हाताने सगळे भागवण्याची सवय लागली, की लुळ्या हातात असलेले बळही वापरात येत नाही. एडवर्ड टॉब यांनी माकडांवरच्या प्रयोगांतून हे ओळखले आणि चांगला हात बांधून ठेवण्याची उपचारपद्धत काढली. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, झटक्याला तीन ते नऊ महिने उलटलेल्या २२२ रुग्णांपैकी ज्यांच्या चांगल्या हातात दोन आठवडे जागेपणी मोजा घालून ठेवला आणि दुसऱ्या हाताकडून रोज तासन्‌तास काम करून घेतले, त्यांची सुधारणा वर्षभर टिकली. अट एवढीच, की बोटांत आणि मनगटात थोडी तरी उघडण्याची हालचाल असावी. अजिबात हालचाल नसलेल्या हातावर हा प्रयोग लादणे म्हणजे छळ.

चालण्याच्या बाबतीत यंत्रांचे आकर्षण मोठे आहे. छताला टांगलेल्या पट्ट्यांत रुग्णाला अधांतरी धरून ट्रेडमिलवर चालवणारी यंत्रे महानगरांतल्या रुग्णालयांत आली आहेत. २०११ मध्ये अमेरिकेत ४०८ रुग्णांवर झालेल्या ‘लीप्स’ चाचणीत अशा यंत्रावरचे प्रशिक्षण आणि फिजिओथेरपिस्टने घरी येऊन करून घेतलेले ताकदीचे व तोलाचे व्यायाम यांची तुलना झाली. वर्षअखेरीस ५२ टक्के रुग्णांचे चालणे सुधारले, आणि घरच्या व्यायामांचा गट कुठेही मागे पडला नाही. मारेगावसारख्या ठिकाणासाठी याहून उपयुक्त निष्कर्ष सापडणे कठीण. यंत्र इथे येण्याची वाट पाहायची गरज नाही. माणूस यायला हवा.

पाश्चात्त्य पाठ्यपुस्तके आणि विदर्भातले घर यांच्यातली फट मात्र इथल्या फिजिओथेरपिस्टलाच भरून काढावी लागते. त्या पुस्तकांत रुग्ण खुर्चीतून उठतो, कमोडवर बसतो, बूट घालून सपाट फरशीवर चालतो. मारेगाव तालुक्यातला रुग्ण जेवायला पाटावर बसतो, उकिडवा बसून शौच करतो, चुलीपुढे किंवा भाजी निवडायला जमिनीवर मांडी घालतो, उंबरठा ओलांडतो, पावसाळ्यात चिखलातून जातो, धुऱ्यावरून चालतो. खुर्चीतून उठता येते म्हणून ‘स्वावलंबी’ अशी नोंद झालेला माणूस घरी जमिनीवरून उठू शकत नाही, आणि मग दिवसभर बाजेवर राहतो. त्यामुळे जमिनीवरून उठणे हे इथल्या उपचाराचे पहिल्या रांगेतले उद्दिष्ट असायला हवे. त्याची रीत शिकवता येते. आधी चांगल्या बाजूवर कलून त्या हातावर भार घ्यायचा, मग दोन्ही गुडघ्यांवर यायचे, समोर भक्कम स्टूल किंवा तखताची कड धरायची, एक पाऊल पुढे रोवायचे आणि रेटून उभे राहायचे. कोणते पाऊल पुढे हे गुडघ्याच्या ताकदीवर ठरते आणि ते तज्ज्ञाने पाहून सांगावे लागते. बसण्याची उंची टप्प्याटप्प्याने कमी करत न्यायची, आधी तखत, मग बुटके स्टूल, मग पाट, शेवटी जमीन. पडल्यावर कसे उठायचे हेही याच सरावात येते, आणि लकवा झालेली माणसे पडतातच.

संडासात कमोड बसवणे परवडत नसेल तर मधोमध भोक पाडलेली प्लॅस्टिकची खुर्ची भांड्यावर ठेवता येते आणि भिंतीला पकडायला लोखंडी नळी ठोकता येते. अंगठ्याची पकड गेलेल्या पायातून चप्पल निसटते, त्यामुळे मागे पट्टा असलेली सँडल लागते. पाऊल लोंबत असेल तर प्लॅस्टिकचा साचा, म्हणजे पायाचा स्प्लिंट, देतात. पण तो बुटात बसेल असा बेतलेला असतो आणि इथे घरात कोणी जोडे घालून वावरत नाही. मग तो स्प्लिंट आठवडाभरात खुंटीला लागतो. सँडलला जोडता येईल किंवा अनवाणी वापरता येईल असा पट्टा द्यावा, एवढे भान ठेवले तर पैसे आणि पाय दोन्ही वाचतात.

हे सगळे कोण करून घेणार, याचे सोपे उत्तर ‘घरचे’ असे दिले जाते. भारतात फिजिओथेरपिस्ट कमी, कुटुंब मोठे. तेव्हा एका नातेवाइकाला प्रशिक्षण दिले की काम भागेल, ही कल्पना इतकी आकर्षक होती की तिची रीतसर परीक्षा घेण्यात आली. ‘अटेंड’ ही चाचणी भारतातील १४ रुग्णालयांत १,२५० रुग्णांवर झाली आणि २०१७ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाली. अर्ध्या रुग्णांच्या एका नातेवाइकाला रुग्णालयात आणि नंतर घरी भेटी देऊन पुनर्वसनाचे शिक्षण दिले गेले. उरलेल्यांना नेहमीचे उपचार मिळाले. सहा महिन्यांनी दोन्ही गटांत मृत किंवा परावलंबी असलेल्यांचे प्रमाण सारखेच होते, ४७ टक्के. या निकालाने अनेकांची निराशा केली. त्यावरून घरच्यांचे हात निरुपयोगी ठरत नाहीत. ज्यांना प्रशिक्षण मिळाले नव्हते त्या गटातही नातेवाईक सेवा करतच होते, आणि कूस बदलणारे, भरवणारे, चालताना सोबत करणारे कोणी नसेल तर रुग्ण जगणेच कठीण. पण काही भेटींतले शिक्षण तज्ज्ञाची जागा घेऊ शकत नाही, इतके त्यातून निघते. कोणती हालचाल आता कठीण करायची, कुठल्या ताठरपणाला आवरायचे, खांदा का दुखतो आहे, हे दर आठवड्याला पाहून बदलण्याचे काम आहे. शिवाय ‘घरचे’ म्हणजे बहुधा घरची सून, मुलगी किंवा बायको. तिच्या वाट्याला स्वयंपाक, पाणी आणि निंदणाची मजुरी आधीच असते, आणि फुकटचे मनुष्यबळ म्हणून योजनेत तिला गृहीत धरणे हा सरकारी काटकसरीचा जुना मार्ग आहे. रुग्ण बाईच असेल तर तिची सेवा कोण करणार, हा प्रश्न योजनेच्या कागदावर सहसा येत नाही.

महाराष्ट्राला या क्षेत्रात मागास म्हणता येणार नाही, उलट देशातली सुरुवात इथलीच आहे. अमेरिकेत जन्मलेल्या आणि लग्नानंतर कमला निंबकर झालेल्या एलिझाबेथ लंडी यांनी १९५० मध्ये मुंबईत व्यवसायोपचाराची, म्हणजे ऑक्युपेशनल थेरपीची, देशातली पहिली शाळा काढली. पोलिओच्या पार्श्वभूमीवर केईएम रुग्णालयात जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने फिजिओथेरपीचे शिक्षण त्याच दशकाच्या आरंभी सुरू झाले. हाजी अलीची अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था १९५५ ची. पोलिओ झालेल्या मुलांसाठी उभे राहिलेले हे शास्त्र पोलिओ देशातून गेल्यावर म्हाताऱ्या आईबापांच्या कामाला आले. आज नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात आणि सावंगी मेघे येथे फिजिओथेरपीचे पदवी शिक्षण मिळते. यवतमाळला वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. पदवीधर तयार होतात, पण ते शहरांत आणि जिल्ह्याच्या ठिकाणी राहतात. राष्ट्रीय कार्यक्रमांतून जिल्हा रुग्णालयांपर्यंत फिजिओथेरपिस्टची पदे आली आहेत. त्याखाली, जिथे रुग्ण घरी पडून असतो, तिथे ती झिरपत नाहीत. तालुक्याला एक फिजिओथेरपिस्ट, त्याला फिरण्याचा भत्ता, आणि आशाताईंकडून नव्या रुग्णाची खबर, एवढी मांडणी फार महाग नाही. दोन भेटींच्या मधल्या दिवसांत मोबाइलवरही काही करून घेता येते. अमेरिकेत १२४ रुग्णांवरील २०१९ च्या चाचणीत घरी बसून दूरचित्र पद्धतीने घेतलेले हाताचे उपचार दवाखान्यातल्या उपचारांच्या तोडीस तोड ठरले. फक्त व्यायामाचा कार्यक्रम आधी माणसाने रुग्णाला हात लावून ठरवलेला असला पाहिजे. स्वतःला फिजिओथेरपिस्ट म्हणवणाऱ्याची नोंदणी महाराष्ट्राच्या परिषदेकडे आहे का, हे विचारण्याचा अधिकार रुग्णाला आहे.

शरीराबरोबर वाचा आणि मन यांचाही विचार करावा लागतो. डाव्या मेंदूच्या घावात शब्द सापडत नाहीत किंवा समोरच्याचे कळत नाही. अशा माणसाला वेड लागले असे समजून त्याच्यादेखत त्याच्याविषयी बोलले जाते. मारेगाव भागात घरी कोलामी किंवा गोंडी आणि बाजारात मराठी बोलणारी माणसे आहेत. दोन्ही भाषा सारख्या प्रमाणात परततीलच असे नसते, म्हणून तपासणी घरच्या भाषेतही व्हायला हवी, आणि त्यासाठी दुभाष्या म्हणून नातवाला बसवले तरी चालते. सुमारे एक तृतीयांश रुग्णांना खिन्नता घेरते. व्यायामाला नकार देणारा, रडणारा, जेवण नाकारणारा रुग्ण हट्टी किंवा आळशी ठरवला जातो. त्याला उपचारांची गरज असते आणि ते उपलब्ध आहेत. लुई पाश्चरला १८६८ मध्ये, वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी लकवा झाला आणि डावी बाजू कायमची कमजोर राहिली. प्रयोगातली बरीच हातकामे सहकाऱ्यांवर सोपवून त्याने पुढे बरीच वर्षे काम केले; रेबीजची लस १८८५ ची, म्हणजे झटक्यानंतरची आहे. पूर्ण बरे होणे आणि कामाला लागणे या वेगळ्या गोष्टी आहेत. पायाने अधू राहिलेला शेतकरी डवरणी करू शकणार नाही, पण राखण, हिशेब, दूध मोजणे, बियाण्याची निवड ही कामे त्याची होऊ शकतात. ती ठरवताना त्याला विचारणे हाही उपचाराचा भाग आहे.

सहा महिन्यांनंतर सुधारणेचा वेग मंदावतो आणि व्यायामाचा हेतू बदलतो: मिळवलेले टिकवणे, सांधे आखडू न देणे, दम वाढवणे. या काळात ताठरपणा अचानक वाढला तर आधी कारण शोधावे लागते. पायाच्या बोटातली जखम, बद्धकोष्ठ किंवा लघवीचा संसर्गही ते करू शकतो. काही ठिकाणी बोट्युलिनमच्या इंजेक्शनाने स्नायू सैल करून पुन्हा सराव करता येतो. कायमचे अपंगत्व राहिले तर २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याखाली प्रमाणपत्र मिळू शकते. ४० टक्क्यांची मर्यादा गाठली की संजय गांधी निराधार योजनेसारख्या लाभांचा मार्ग खुला होतो, मात्र शिबिराच्या तारखेला रुग्णाला जिल्ह्याच्या ठिकाणी नेण्याची तयारी लागते.

आणि पहिला झटका येऊन गेलेल्याला दुसऱ्याचा धोका कायम असतो. रक्तदाबाची गोळी बरे वाटले म्हणून सोडायची नाही. वाहिनी तुंबून लकवा झालेला असेल तर रक्त पातळ ठेवणारी गोळी डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे चालू ठेवायची, आणि रक्तस्राव झालेला असेल तर तीच गोळी घातक ठरू शकते, म्हणून शेजाऱ्याची चिठ्ठी चालत नाही. मधुमेह तपासायचा, मीठ कमी करायचे, खर्रा आणि बिडी बंद करायची. दुसरा झटका आला तर पहिल्या वेळी हुकलेले साडेचार तास या खेपेला हाताशी असतात, आणि कोणत्या रुग्णालयात सीटी स्कॅन आहे, कोणाची गाडी मिळेल, कोणत्या नंबरवर फोन करायचा, हे घरातल्या प्रत्येकाला आधीच ठाऊक असले पाहिजे.